आजीची कूस कोणीच बदलवली नाही

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात तुमचा पेपर तीनच घरी येतो अन् बाकीचं गाव तो चहाच्या टपरीवर वाचते, त्यामुळं मागच्या रविवारचा पेपर माझ्या हातात बुधवारी आला, म्हणून हे पत्र उशिरा आहे. त्यात एका काकांचं पत्र होतं की आजकालच्या पोरांना-सुनांना संस्कार राहिले नाहीत, म्हातारे आईबाप खाटेवर सडून राहिले अन् पोरं मोबाईल पाहून राहिली, सरकारनं कायदा कडक करावा वगैरे. काकांचा राग मला समजते, त्यांनी कुठंतरी तसं पाहिलंच असेल, उगाच कोणी एवढं मोठं पत्र लिहीत नाही. पण "सडून राहिले" हे वाचलं अन् मी पेपर तिथंच घडी करून ठेवला. आमच्या घरात असंच झालं होतं साहेब. अन् आमच्या घरात संस्कार काही कमी नव्हते.

मी २४ वर्षांची आहे, बारावी झालेली, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. तीन महिन्यांपासून यवतमाळला एका ठिकाणी, जिथं म्हातारे अन् लकव्याचे पेशंट ठेवतात, केअर असिस्टंटची अप्रेंटिसशिप करून राहिली. माझं नाव छापू नका, त्या ठिकाणाचं नाव मी लिहीतच नाही.

तीन वर्षांआधी आमची आजी ओसरीवरून उतरताना पडली. खुबा मोडला. वय ८१, शुगर होती, ऑपरेशनमध्ये रिस्क आहे म्हणाले, पैशाचंही होतंच, खोटं कायले बोलू, सोयाबीन पाण्यात गेलं होतं त्या वर्षी. तर आजीला घरी आणली अन् खिडकीपाशी पलंग टाकला, उजेड राहील म्हणून. घरात आम्ही आठ जण. माय दोन टाईम अंग पुसायची, काकू ज्वारीच्या कण्या ताकात कालवून भरवायची, काका दारव्ह्याला गेले की तिच्यासाठी केळी आणल्याशिवाय येत नव्हते, बाबा रात्री लाईन गेली की उठून हातानं वारा घालायचे. वर्गातल्या मैत्रिणी म्हणायच्या तुझ्या आजीचं नशीब आहे. तिला हलवलं की ती ओरडायची, "मले हलवू नका वं माय, लय दुखते." म्हणून आम्ही तिला हलवत नव्हतो. माया होती म्हणून हलवत नव्हतो. उताणी, तशीच, पूर्ण दिवस, पूर्ण रात्र.

पंधरा-वीस दिवसांनी माकडहाडावर डाग दिसला. काकूनं खोबरेल तेल घेऊन चोळलं. बाबांनी पावडर आणली. मग तो डाग काळा पडला, मग कातडी गेली, मग... जाऊ द्या. वास येत होता म्हणून आम्ही अगरबत्ती लावायचो, आजीला समजू नये म्हणून देवाची आहे म्हणून सांगायचो, तिला सगळं समजत होतं. तालुक्याला दाखवलं तर ड्रेसिंग लिहून दिलं, मलम लिहून दिलं. ती चिठ्ठी अजून आहे घरी, मी परवा परत काढून पाहिली, त्यावर सगळं आहे, "कूस बदलवा" एवढं मात्र कुठंच नाही. पौषात आजी गेली.

अन् अप्रेंटिसशिपच्या पहिल्याच आठवड्यात सिस्टरनं बोर्डवर झोपलेल्या माणसाचं चित्र काढलं, वाकडंतिकडंच, आम्ही हसलो, अन् त्यावर लाल खडूनं गोल केले. डोक्याची मागची बाजू, खांद्याच्या पात्या, कोपरं, माकडहाड, खुबे, टाचा. म्हणाली हाड अन् गादी यांच्यात चामडी दाबली जाते, तिथं रक्त पोचत नाही, जास्त वेळ पोचलं नाही की आतून मरायला लागते, वर दिसते तेव्हा आत बरंच गेलेलं असते. दर दोन तासांनी कूस बदलवायची. एकदा डाव्या अंगावर, एकदा उजव्या, मधात उताणं, पाठीमागं उशी लावून थोडं तिरपं ठेवायचं, पूर्ण कुशीवर टाकायचं नाही. खुबा मोडलेल्याला पण वळवता येते, डॉक्टरला विचारून, दोघांनी मिळून, मांड्यांच्या मधात उशी घेऊन, अंग एका लाकडासारखं सरळ ठेवून. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून पाहायचं, पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर सुरुवात झाली समजायची. आपल्यासारख्या सावळ्या माणसाच्या अंगावर लाली दिसतच नाही, म्हणून हात लावून पाहायचं, गरम लागते का, कडक लागते का. अन् तो डाग कधीच चोळायचा नाही.

चोळायचा नाही म्हटलं तेव्हा मी बाथरूमला जाते सांगून बाहेर गेली.

दोन तास, साहेब. एवढंच होतं ते. आठ माणसं होतो आम्ही घरात.

म्हणून मला त्या काकांना सांगायचं आहे की काका, संस्कारानं पाठीची जखम थांबत नाही. तुम्ही कायदा म्हणता तो २००७ चाच आहे, आईबापाकडं पाहत नाही त्या पोराला एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेब महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत द्यायला लावू शकतात. चांगलीच गोष्ट आहे. ज्यानं टाकून दिलं त्याला लागूच करा. पण आमच्या बाबानं टाकून नव्हतं दिलं. आमच्या बाबाला कोणीतरी दाखवायला पाहिजे होतं.

आता मी या कामात आली कशी ते सांगते. गावातल्या ग्रुपवर एक फॉर्म फिरत होता. बहिणीनं पाठवला, मी भरला, फोन आला. बारावीवाल्यांना महिन्याला ७,००० स्टायपेंड, त्यातले १,५०० केंद्र सरकार थेट खात्यात टाकते अन् बाकीचे ते ठिकाण देते, करार ऑनलाईन होतो, शेवटी सर्टिफिकेट. गावात सांगितलं तर एक मावशी म्हणे, "काय वं, गू-मूत काढाचंही शिक्षण असते काय? ते तं आपल्या घरी फुकटच शिकवतात." सगळे हसले, मी पण हसली. एका ठिकाणी माझी पाहण्याची गोष्ट चालू होती, ते लोक मागं सरकले, नर्स असती तर चाललं असतं म्हणे. बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त जायच्या दिवशी एसटी स्टँडवर आले अन् बिस्किटाचा पुडा दिला, मी लहान असताना द्यायचे तसा. (बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून दर पंधरा दिवसांनी घरी येणं जमते, नाहीतर स्टायपेंड रस्त्यातच संपला असता.)

आता त्या मावशीला उत्तर द्यायचं राहिलंच होतं, ते इथंच देते. मावशी, घरी फुकट शिकवतात ते बरंचसं चुकीचं शिकवतात.

आपल्याकडं आजारी म्हाताऱ्याला भरवतात कसं, ते आठवून पहा. झोपलेल्याच माणसाचं डोकं हातावर उचलायचं, "आ करा" म्हणायचं अन् वाटीतलं वरण ओतायचं. मी पण तेच केलं. दुसऱ्या आठवड्यात एक बाबा होते, लकवा झालेले, उजवी बाजू गेलेली, मला खुणेनं पाणी मागितलं. उन्हाळा लागला होता, मला दया आली, सिस्टर बाहेर होती, मी ते होते तसेच मागं टेकलेले असताना गिलासानं पाणी पाजलं. एकदम खोकला. थांबेच ना. डोळे बाहेर, तोंड जांभळं. सिस्टर पळत आली, पुढं वाकवून बसवलं, कशीबशी गाडी रुळावर आली. मग मला बाजूला घेतलं, मला वाटलं आता हाकलते. तिनं मला खुर्चीत मागं टेकवलं, मान वर करायला लावली अन् म्हणे आता तू पाणी पी. मी प्यायली, ठसका लागला. मग सरळ बसवलं, हनुवटी जराशी खाली घे म्हणे, अन् घोट घे. सहज गेला. एवढाच फरक आहे. लकव्यात बऱ्याचदा गिळायची ताकद पण अर्धी गेलेली असते, पाणी चुकून श्वासाच्या नळीत जाते अन् दोन दिवसांनी निमोनिया होऊ शकते, अन् आपण म्हणतो म्हाताऱ्याला सर्दी झाली होती अन् गेला. चमच्यानं द्यायचं, गिळलं का पाहायचं, मगच दुसरा चमचा. आवाज पाणी भरल्यासारखा झाला तर थांबायचं. जेवल्यावर अर्धा तास तरी झोपवायचं नाही. कोणाकोणाला तर पाणी घट्ट करूनच द्यावं लागते, ते डॉक्टर सांगतात.

अजून एक. लकव्याच्या माणसाला उठवताना सगळे जण तोच लुळा हात धरून ओढतात, कारण तोच लटकत असतो अन् धरायला सोपा असते. त्यानं खांदा निखळते. भेटायला आलेल्या पावण्यांना मी रोज हेच सांगत असते अन् रोज कोणीतरी ओढतेच. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी काढायचा, खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची, पाणी अंगावर घ्यायच्या आधी आपल्या कोपरानं पाहायचं किती गरम आहे ते, लघवीच्या नळीची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे पण जमिनीला टेकली नाही पाहिजे. अन् काय करायचं नाही ते पण शिकवतात, इंजेक्शन आपलं काम नाही, गोळी कमी-जास्त करणं आपलं काम नाही, आपण पाहायचं, लिहायचं अन् सांगायचं. घाम सुटला, हात थरथरून राहिले, बोलणं अडखळते, शुगर मोजली अन् ७० च्या खाली आली की तिथंच साखरेचं पाणी द्यायचं अन् सिस्टरला हाक मारायची. पण शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच टाकायचं नाही.

हे एवढं पहिल्या महिन्यातलं आहे मावशी. अन् ते तुम्ही म्हणता ते काम, ते पण आहे. त्याचंही सांगते. एक आजी आहे आमच्याकडं, पुसदकडची, डायपर बदलवताना ती तोंडावर पदर ओढून घेते. पूर्ण तोंड झाकते. पहिल्यांदा मला काय बोलावं समजलं नाही, मी पटापट उरकलं. सिस्टर म्हणे तू पटापट केलं म्हणजे तिला असं वाटलं की तुला किळस आली. आता मी आधी सांगते, आजी आता तुम्हाला पुसते बरं, मग वरून चादर टाकते अन् लागते तेवढंच उघडते, समोरून मागं पुसते, अन् पूर्ण वेळ पऱ्हाटीच्या गोष्टी करते. यंदा बोंडअळी किती, वेचणीचा भाव काय, मजूर भेटते का. पदराच्या आतून ती उत्तर देते. मागच्या आठवड्यात पदराच्या आतूनच मला म्हणे, "तुह्या बापाले सांग, तूर लावत जा मधात." मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणे लावतोच की.

एक आबाजी आहेत, त्यांना विसरायचा आजार आहे. सकाळी शांत असतात, पेपर पण धरतात हातात, उलटा का होईना. पण दिवस कलला की उठतात, टोपी घालतात अन् दारापाशी येऊन उभे राहतात. "शकुंतला आली काय? मले मुर्तिजापूरले जाचं हाय." आता आपल्याला माहीत आहे की शकुंतला, ती यवतमाळ-मुर्तिजापूरची छोटी रेल्वे, कधीची बंद पडली, रुळावर झुडपं उगवली. सुरुवातीला मी इमानदारीनं सांगायची, आबाजी गाडी बंद झाली. ते भडकायचे. बंद कशी झाली, काल तं गेली, तू कोण मले सांगणारी. एकदा काठी उगारली. अन् रोज सांगितलं की रोज त्यांना नवीनच धक्का, जसं काही आताच कोणी गेल्याची खबर दिली.

सिस्टर म्हणे वाद घालायचा नाही. खोटंही बोलायचं नाही. गाडीचंच विचार. मग मी विचारलं, आबाजी, मुर्तिजापूरला कोण आहे? म्हणे बहीण दिली हाय. रस्त्यात काय काय लागते? अन् मग ते बसले माझ्याजवळ अन् लाडखेड, दारव्हा, कारंजा करत करत पूर्ण लाईन सांगितली, कुठं गाडी इतकी हळू चालायची की लोक उतरून परत चढायचे, कुठं कोणाची बकरी डब्यात आली होती. तेवढ्यात जेवायची वेळ झाली. आता रोज संध्याकाळी आमची शकुंतला निघते यवतमाळहून अन् बहुतेक वेळा कारंजापर्यंत जाईपर्यंत ते जांभई देतात. मुर्तिजापूर अजून एकदाही आलं नाही. त्यांचा मुलगा भेटायला आला होता, चांगला माणूस, तो म्हणे मी घरी वर्षभर यांच्याशी भांडलो, मला वाटायचं हे मुद्दाम करतात. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला काय म्हणाल काका, संस्कार नव्हते?

आता मुद्द्याचं. आमच्या बॅचला अकरा जण आहेत, सगळे खेड्यातले, घाटंजी, आर्णी, दिग्रस, नेर इकडले. अन् वर्ष संपायच्या आधीच एजन्सीवाल्यांचे फोन सुरू झाले आहेत. पुणे, मुंबई, नाशिक. राहणं-जेवण देऊ, स्टायपेंडच्या तिप्पट देऊ. अकरापैकी आठ जण जाणार आहेत अन् मी त्यांना नावं ठेवणार नाही, घरी कर्ज आहे, भाऊ शिकून राहिला आहे, कोण सोडते. म्हणजे होते काय ते पहा. आमच्या गावातली पोरं पुण्याला कंपनीत गेली, त्यांचे आईबाप गावात एकटे. अन् त्या आईबापाला सांभाळायचं शिक्षण ज्या पोरींनी घेतलं त्या पण पुण्यालाच चालल्या, दुसऱ्याच्या आईबापाला सांभाळायला. गावात राहिलं कोण तर म्हातारा, म्हातारी अन् कुत्रं.

अन् गावात हे काम करायचं म्हटलं तर पैसे कोण देणार? श्रावणबाळचे १,५०० रुपये येतात महिन्याला, कधी येतात कधी तटतात, त्यात गोळ्या येत नाहीत तर माणूस कुठून लावणार. त्यामुळं सरकारशिवाय हे होत नाही, अन् मी सरकारला काही नवीन काढा म्हणत नाही, आहे तेच जरा इकडं वळवा म्हणते.

अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. त्यात आता असं आहे की ज्या ठिकाणी ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्यांनी अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत, अन् ४ ते २९ असतील तर त्यांची मर्जी. हे वाचायला बरोबर वाटते पण आमच्या कामाला याचा अर्थ काय होते? ३० माणसं कामाला असलेला दवाखाना तालुक्यात कुठं आहे? असले तर नागपूर, अमरावती, फार तर जिल्ह्याच्या गावी. तालुक्यातला चार-पाच बायांवर चालणारा दवाखाना कायले घेईल अप्रेंटिस, त्याला कोणी म्हणतच नाही. म्हणून शिकायचं असेल तर गाव सोडा, अन् एकदा सोडलं की परत कोण येते.

ज्येष्ठांसाठी केंद्राचा एक कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वॉर्ड, खाली ग्रामीण रुग्णालयात बाह्यरुग्ण तपासणी, अन् अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन पाहणं, हे सगळं कागदावर आहे. घरी जाऊन पाहणं! आमच्या आजीकडं कोण आलं होतं? आशाताई आली होती, दोन वेळा, ती बिचारी १,००० लोकांमागं एक असते, तिच्याकडं गरोदर बाया, लसी, टीबीच्या गोळ्या, सर्व्हे, अन् मोबाईलमध्ये ते सगळं भरणं, ती काय काय करणार. तिनं पण आजीची पाठ पाहून तोंड फिरवलं, तिलाही कोणी शिकवलं नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अन् प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धसेवेच्या अप्रेंटिसच्या दोन-दोन जागा ठेवा. एक मुलगी, एक मुलगा. सहा महिने दवाखान्यात शिकवा, सहा महिने आशाताईसोबत घरोघरी पाठवा. मुलगा मुद्दाम म्हणते, कारण आमच्या बॅचला दोनच मुलं आहेत अन् म्हाताऱ्या पुरुषांना आंघोळ घालायला आम्हीच जातो, त्यांची जी मान खाली जाते ना, ती पाहवत नाही. सगळं बायांनीच करायचं असं कुठं लिहिलं आहे. वर्षानंतर त्यातल्या निम्म्यांना जरी तिथंच मानधनावर ठेवलं तरी पुरे. स्टायपेंडचा हिस्सा सरकार आजही देतेच, फक्त अप्रेंटिस घेणारी ठिकाणं बहुतेक शहरातच आहेत.

अन् वस्तू वाटून काम होत नाही, हे पण छापा. ६५ च्या पुढल्यांना वयोश्री योजनेत ३,००० रुपये मिळाले, कमोडची खुर्ची, काठी, चष्मा घ्या म्हणून. चांगली योजना. आमच्या शेजारी कमोडच्या खुर्चीवर कूलर ठेवला आहे, उंचीला बरोबर बसते म्हणे. अन् एका बापूंचा डावा गुडघा गेला आहे तर ते काठी डाव्याच हातात धरून चालतात, काठी पण छातीएवढी. मी म्हटलं बापू, काठी उजव्या हातात धरा, दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला, अन् हात खाली सोडला की मनगटापर्यंत आली पाहिजे एवढी कापून घ्या. ते म्हणे दुकानदारानं तं नाही सांगितलं. काठी कापली सुतारानं, पाच मिनिटांत. आता ते टपरीपर्यंत येतात अन् मला शिव्या देतात की तुह्यामुळं चहाचा खर्च वाढला.

मागच्या पंधरवड्यात घरी गेली होती तर आमच्या घरामागं एक बुढी माय आहे, पोरगा चाकणला, घरी सून अन् नातू, नातू नववीत. बुढी दहा दिवसांपासून अंथरुणावर. मी गेली, चादर सरकवली, पाहिलं तर माकडहाडावर हात लावल्यावर गरम लागलं. उघडं नव्हतं झालं अजून. मी काही जास्त केलं नाही साहेब. जुनी साडी चौघडी करून तिच्या खाली आडवी घातली, सुनेला एका बाजूनं धरायला लावली, दोघींनी मिळून साडीनंच उचलून तिला डाव्या अंगावर घेतली, पाठीमागं वाकळीची वळकटी लावली, मांड्यांच्या मधात उशी, पिंढरीखाली एक घडी म्हणजे टाचा उचललेल्या राहतील. बुढी ओरडली. आमच्या आजीसारखीच ओरडली, तेच शब्द. माझा हात एकदा थांबला. मग मी सांगितलं, दुखते माय, मला माहीत आहे, पाच मिनिटं दुखेल. पाच मिनिटांनी ती झोपली पण.

सुनेला पूर्ण दिवस वावरात जावं लागते, निंदण सुरू आहे. मग नातवाच्या मोबाईलमध्ये दोन-दोन तासांचे अलार्म लावून दिले, तो शाळेत गेला की शेजारची काकू करते. भिंतीवर कोळशानं डा, उ, मध असं लिहून दिलं, केलं की रेघ मारायची.

सोमवारी मी पहिल्या एसटीनं यवतमाळला आली. रात्री साडेबाराला फोन वाजला. नातू. मला वाटलं काही झालं. म्हणे, "ताई, अलार्म वाजला. आता डाव्या अंगावर का उजव्या? भितीवरचं पुसलं गेलं." मी म्हटलं आता कुठल्या अंगावर आहे ते पाह, अन् त्याच्या उलटं कर, अन् मायला उठव, एकट्यानं ओढू नको. फोन चालूच ठेवून तो आत गेला. बुढीचं ओरडणं ऐकू आलं, मग त्याचा आवाज, "पाचच मिनिटं आजी, पाचच मिनिटं दुखते."

आपली,
एक अप्रेंटिस
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता.क. पत्र लांबलं, मला माहीत आहे. जागा कमी असेल तर माझ्या लग्नाचं, स्टायपेंडचं सगळं काढून टाका. दर दोन तासांचं अन् चोळू नये ते मात्र कापू नका, जमलं तर जरा जाड अक्षरात छापा, टपरीवर बाबा लोक चष्म्याशिवायच वाचतात.